हाताने बांधलेल्या चाकाचा हब वारंवार जातोय? आरे सोडण्याआधी हे तपासा

सायकलच्या मागच्या चाकाला प्ले येतो, म्हणजे ते ॲक्सलवर डावी-उजवीकडे हलतं. कोन, म्हणजे ॲक्सलवरचे छर्ऱ्यांना टेकणारे शंकूसारखे नट, आवळले की तो जातो, चार दिवस बरं चालतं आणि परत रिम ब्रेकला घासायला लागते. काहींचं दुखणं याच्याही पुढचं असतं: ॲक्सल तुटला म्हणून बदलला, तर काही महिन्यांत नवाही तुटला. किंवा हबच (चाकाचा मधला भाग) नवा घालून चाक परत विणून घेतलं आणि त्याच्याही फ्लँजला, म्हणजे आरे अडकवायच्या भोकांच्या चकतीला, तडा गेला. मग ‘हबच भिकार निघाला’ असा निकाल लावून लोक मोकळे होतात.

चाक हाताने बांधलेलं असेल तर हा निकाल घाईने लावू नये. हब बदलायचा म्हणजे ३२ किंवा ३६ आरे सोडायचे, परत विणायचे, ताण द्यायचा, आउट (रिमचा वाकडेपणा) काढायचा. हे सगळं करून मूळ कारण जागेवरच राहिलं तर नव्या हबचीही तीच गत होते.

आऱ्यांनी बांधलेला हबचा भाग एकच, तो म्हणजे दोन फ्लँज असलेलं बाहेरचं कवच. ॲक्सल, कोन, छर्रे, चेकनट (कोन जागेवर अडकवणारा नट), फ्रीव्हील किंवा फ्रीहब (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग), कार्ट्रिज बेअरिंग (अख्खं बदलायचं बंद बेअरिंग) हे सगळं एकाही निपलला (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट) हात न लावता निघतं आणि बदलतं. तेव्हा ‘हब गेला’ म्हणण्याआधी कवच शाबूत आहे का, एवढं बघायचं. शाबूत असेल तर आरे सोडायचं कारण नाही. आणि एकच भाग दुसऱ्यांदा गेला असेल तर माझा पहिला संशय हबवर नसतो, फ्रेमवर आणि जुळवणीवर असतो.

चाक काढून हातात घ्या

ॲक्सलची दोन्ही टोकं चिमटीत धरून अगदी सावकाश फिरवा. इथे डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. पूर्ण फेऱ्यात सारखीच खरखर लागत असेल तर घाण शिरली आहे किंवा ग्रीस सुकलं आहे. एवढ्यावर काही तुटलं असं होत नाही. ठरावीक जागी टक् करून अडकत असेल तर कोनाला किंवा वाटीला (छर्रे ज्यात फिरतात ती) खड्डा पडला आहे. ॲक्सल फिरवताना त्याचं टोक जागच्या जागी न राहता गोल घिरटी घेत असेल तर तो वाकला आहे. आणि टोक ओढल्यावर अर्धा ॲक्सल हातात आला, तर पुढे शोधायला नको.

हे शेवटचं वाटतं तितकं विरळ नाही. क्विक रिलीजचा (पान्याशिवाय चाक काढायच्या खटक्याचा) दांडा पोकळ ॲक्सलच्या आतून जातो आणि तुटलेले दोन्ही तुकडे फ्रेममध्ये दाबून धरतो, त्यामुळे स्वाराला कित्येक दिवस पत्ताच लागत नाही. कळतं ते एवढंच की कोन कितीही वेळा आवळले तरी प्ले परत येतो आणि चढावर जोर लावला की रिम एका बाजूला सरकते. ही दोन लक्षणं एकत्र असतील तर कोनाशी झटापट थांबवा आणि ॲक्सल बाहेर काढून बघा.

ॲक्सल तुटला असेल तर

तुकडे लगेच टाकू नका. तुटलेला पृष्ठभाग पुसून उजेडात धरा. बहुतेक वेळा त्यावर दोन वेगळे भाग दिसतात: एका कडेकडून आत शिरलेला गुळगुळीत, काळपट, कधी गंजाची छटा असलेला भाग, आणि उरलेला दाणेदार, ताजा, चमकणारा. काळपट भाग ही जुनी चीर. ती हळूहळू आत सरकत होती आणि तिच्यात पाणी, ग्रीस मुरत होतं. चमकणारा भाग शेवटच्या क्षणी तुटला. काळपट भाग मोठा असेल तर ॲक्सल त्या शेवटच्या खड्ड्याने तुटलेला नाही, तो फार आधीपासून थोडाथोडा वाकत होता. सगळाच पृष्ठभाग ताजा आणि दाणेदार असेल तर मात्र एकाच दणक्याचं काम समजा आणि नवा ॲक्सल घालून मोकळे व्हा.

आता तुटला कुठे ते बघा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये तो जवळजवळ नेहमी उजव्या कोनाच्या आसपास तुटतो. याचं कारण रचनेतच आहे. आट्यांवर चढवायच्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, कवचाच्या तोंडाशी असतात. तिथून ड्रॉपआऊटपर्यंतचा (ॲक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचेपर्यंतचा) ॲक्सल अधांतरी राहतो, आणि फ्रीव्हीलच्या दातेरी चकत्या जितक्या जास्त तितका हा अधांतरी तुकडा लांब. सहा किंवा सात चकत्यांचं फ्रीव्हील, मागे कॅरियरवर ओझं आणि खराब रस्ता असं जुळून आलं की उत्तम पोलादाचा ॲक्सलही कधीतरी हार मानतो. शिमानोने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या फ्रीहबचा मोठा फायदा हाच की उजवीकडचे छर्रे थेट बाहेरच्या टोकाला, ड्रॉपआऊटजवळ गेले. म्हणून तुमच्या हबला सात चकत्यांचं फ्रीव्हील असेल, ओझं नेहमीचं असेल आणि ॲक्सल पुन्हा पुन्हा जात असेल, तर आरे सोडून फ्रीहबचा हब घालणं हा शहाणपणाचा खर्च आहे. कवच शाबूत असूनही चाक परत विणावं असं मी म्हणेन अशी ही एकच जागा.

पण त्याआधी ड्रॉपआऊट तपासा, कारण ॲक्सल परत परत तुटण्यामागे मला सर्वात जास्त संशय यांचाच येतो. दोन्ही ड्रॉपआऊटचे आतले पृष्ठभाग एकमेकांना समांतर हवेत. ते तिरके असले की नट आवळताना चेकनट त्या तिरक्या पृष्ठभागावर सपाट बसायला जातो आणि ॲक्सलला कायमचा बाक येतो. मग खड्ड्याचा दणका आणि साखळीची ओढ या आधीच वाकलेल्या ॲक्सलवर पडते.

घरी करायची चाचणी अशी. नटांचा ॲक्सल असेल तर चाक फ्रेममध्ये नीट बसवून फक्त उजवा नट घट्ट करा, डावा अगदी सैल ठेवा. आता डावा चेकनट ड्रॉपआऊटच्या आतल्या पृष्ठभागाला कसा भिडतो ते बघा. सगळीकडून सारखा टेकत असेल किंवा सारखीच फट असेल तर ठीक. फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला मिटलेली, पाचरीसारखी असेल, तर दोष सापडला. मग हेच उलट, डावा नट आवळून करा. क्विक रिलीजच्या सायकलीत ड्रॉपआऊटवर उमटलेले चेकनटचे ठसे बघा; एकाच अंगाला खोल आणि दुसरीकडे पुसट असतील तर अर्थ तोच. पोलादी फ्रेमचे ड्रॉपआऊट योग्य हत्याराने सरळ करता येतात, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला असं वाकवायला जाऊ नये.

दोन ड्रॉपआऊटमधलं अंतर आणि हबची रुंदी न जुळणं हा याचाच भाऊ. १२६ मिमीच्या जुन्या फ्रेममध्ये १३० मिमीचा हब ओढून बसवता येतो, १३० च्या फ्रेममध्ये १३५ चाही बसवणारे आहेत. बसतो, पण फ्रेमचे मागचे पाय फाकले की ड्रॉपआऊटचे पृष्ठभागही तिरके होतात. पोलादी फ्रेम पसरवून नंतर ड्रॉपआऊट परत समांतर केले असतील तर हरकत नाही. नुसताच जोर लावून चाक घुसवलं असेल तर पुढचा ॲक्सल तुटायची तजवीज आपणच करून ठेवली असं समजा.

नवा ॲक्सल घेताना जुना बरोबर न्या. मागचे ॲक्सल साधारण १० मिमी जाडीचे असतात, पण आटे दोन तऱ्हेचे: काहींचा पिच १ मिमी, काहींचे एका इंचात २६. एका इंचात २६ म्हणजे सुमारे ०.९८ मिमी, त्यामुळे चुकीचा कोन पहिले एकदोन फेरे सहज जातो आणि मग फसतो. तिथे पान्याने जोर केला की दोन्हीचे आटे गेले. लांबीही बघा: क्विक रिलीजचा ॲक्सल दोन्हीकडे चेकनटच्या बाहेर साधारण ५ मिमी यायला हवा. १३० मिमीच्या हबला १४१ आणि १३५ च्या हबला १४६ मिमीचा ॲक्सल लागतो तो याच हिशेबाने. जास्त बाहेर आला तर तो ड्रॉपआऊटच्या पलीकडे डोकावतो आणि क्विक रिलीज ड्रॉपआऊटऐवजी ॲक्सलच्या टोकावर आवळला जातो.

कोन आणि वाट्या वारंवार खराब होत असतील तर

इथे दोष बहुधा आवळणाऱ्या हाताचा असतो. चाक बाकावर असताना कोन असे जुळवले जातात की प्ले अजिबात नाही, ॲक्सल छान फिरतो. मग चाक फ्रेममध्ये जातं, क्विक रिलीज आवळला जातो आणि त्या दाबाने पोकळ ॲक्सल किंचित आखूड होतो. कोन छर्ऱ्यांवर दाबले जातात, आणि काही आठवड्यांत कोनावर छर्ऱ्यांच्या वाटेवर खवले निघायला लागतात. म्हणून क्विक रिलीजच्या हबमध्ये जुळवणी करताना अगदी निसटता प्ले मुद्दाम ठेवायचा. तो क्विक रिलीज आवळल्यावर नाहीसा झाला पाहिजे. चाक फ्रेममध्ये बसवून, रिम ब्रेकपाशी धरून डावी-उजवी हलवून बघा. हलत असेल तर परत काढा आणि थोडं आवळा. दोनतीनदा काढघाल होते, त्याला इलाज नाही.

प्ले परत येण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे उजवा कोन आणि त्याचा चेकनट एकमेकांवर नीट न आवळलेले असणं. उजवी बाजू आधी बाहेर काढून, कोनपाना आणि साधा पाना लावून कडक बसवा. त्यानंतर तिला हात लावू नका, सगळी जुळवणी डाव्या बाजूनेच करा. दोन्हीकडून थोडंथोडं करत बसलं की कोणती बाजू फिरली ते कळत नाही.

छर्रे सगळे एकदम बदला, जुन्यात नवे मिसळू नका. मागच्या हबमध्ये बहुधा प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे असतात, पुढच्यात ३/१६ इंची १०. वाटीत आणखी एक मावेल असं दिसतं, पण तो घालू नका. छर्ऱ्यांना फिरायला तेवढी जागा लागते.

वाटीला खड्डा असेल तर कोणत्या बाजूच्या, ते महत्त्वाचं. शिमानोच्या धाटणीच्या फ्रीहबमध्ये उजवी वाटी फ्रीहबच्या अंगातच असते, म्हणजे फ्रीहब बदलला की वाटी नवी. डावी वाटी कवचात दाबून बसवलेली असते आणि तिचा सुटा भाग सहसा मिळत नाही. डाव्या वाटीवर टोकदार खड्डे पडले असतील तर नवे कोन आणि छर्रे घालून काही काळ निभावेल, पण कवचाचं आयुष्य संपत आलं असं धरून चाला.

कार्ट्रिज बेअरिंगच्या हबमध्ये हे सोपं आहे. बेअरिंगच्या रबरी झाकणावर ६०००, ६००१, ६९०२ असा क्रमांक असतो, त्याच क्रमांकाचं घ्यायचं. फक्त एक बघा: नवं बेअरिंग नुसत्या अंगठ्याच्या दाबाने आत गेलं आणि तसंच बाहेरही आलं तर कवचातली बैठक झिजली आहे. रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग चिकटवून धरणारा द्रव) लावून ते बसतं, बरेच दिवस टिकतंही, पण बेअरिंग दर थोड्या दिवसांनी जाण्याचं कारण तीच बैठक होती हे लक्षात ठेवा.

पेडल फिरतं, चाक फिरत नाही

हा कवचाचा दोष बहुधा नसतोच. फ्रीव्हीलमधले किंवा फ्रीहबमधले कुत्रे, म्हणजे स्प्रिंगवरचे ते छोटे दात, घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये किंवा चिखलात रुतून बसले की पकड सुटते. कधी केसासारखी बारीक स्प्रिंग तुटलेली असते. आत जाड ग्रीस भरणं टाळा. पातळ तेल किंवा फ्रीहबसाठीचं हलकं ग्रीस वापरा. शिमानोच्या बहुतेक फ्रीहबमध्ये ॲक्सल काढला की उजवीकडून १० मिमीची ॲलन की आत जाते आणि फ्रीहब अख्खा सुटतो. साखळी झिजलेल्या दात्यांवरून उडत असेल तर तिचं उडणं डोळ्यांना दिसतं. कुत्रे सुटत असतील तर साखळी दात्यांत बसलेलीच राहते आणि कॅसेट (फ्रीहबवरचा दातेरी चकत्यांचा संच) तिच्याबरोबर पुढे निसटते. एवढा फरक बघून घ्या, नाहीतर चांगली कॅसेट उगाच बदलली जाते.

फ्लँजला तडा

हब स्वच्छ धुवा आणि पुसून वाळवा. मग फ्लँजवर प्रत्येक भोकापासून बाहेरच्या कडेकडे नजर फिरवा. तडा सुरुवातीला केसाएवढी काळी रेघ असते. तिच्या कडेला कधी करडी पूड दिसते, ती ॲल्युमिनियम घासून निघालेली. शेजारच्या भोकांपेक्षा एखादं भोक कडेकडे ओढल्यासारखं लांबट दिसलं किंवा आऱ्याचं डोकं जरा जास्त आत रुतलेलं दिसलं तर तिथे भिंग लावून बघा. नुसत्या ओरखड्याची शंका असेल तर नखाची कड आडवी फिरवा. तड्यावर नख अडकतं. ‘या एका आऱ्याचा ताण सारखा उतरतोय, निपल फिरवलं तरी राहत नाही’ अशी तक्रार असेल तर निपलआधी त्याच्या भोकाकडे बघा.

तडा नक्की असेल तर त्या चाकावर बसू नका. वेल्डिंग, चिकटद्रव्य, वायसर लावून धरणं यातलं काही चालत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमचा कस जातो आणि आऱ्यांचा ताण चोवीस तास त्याच जागी ओढत असतो. तुकडा निघाला की दोनतीन आरे एकदम सैल पडतात आणि रिम क्षणात ब्रेकमध्ये किंवा फ्रेममध्ये अडकते. पुढच्या चाकात असं झालं तर काय होईल हे सांगायला नको.

फ्लँज का तडकते? आरे फुलीशिवाय, म्हणजे एकमेकांना न ओलांडता, सरळ त्रिज्येत लावले असतील तर प्रत्येक आरा भोक आणि कड यांच्यामधल्या पातळ पट्टीला थेट बाहेर ओढतो. दिसायला देखणं दिसतं, पण त्यासाठीच घडवलेला नसेल तर हब ते फार काळ सोसत नाही. बरेच हब उत्पादक अशा बांधणीवर हमी देत नाहीत. तीन फुल्यांच्या बांधणीत ओढ फ्लँजच्या स्पर्शरेषेच्या जवळून जाते आणि भोकामागे पुष्कळ धातू उभा राहतो. दुसरं कारण जुना हब परत विणण्याचं: आऱ्यांनी भोकांच्या कडांवर खाचा पाडलेल्या असतात, नव्या बांधणीत आरे उलट दिशेला गेले की जुन्या खाचेला नवी खाच छेदते आणि तडा तिथून निघतो. तिसरं म्हणजे नुसता जास्त ताण, ‘कडक चाक म्हणजे मजबूत चाक’ या समजुतीतून आलेला. ताण रिमच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत हवा. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला बऱ्याच रिमसाठी तो १०० ते १२० किलोग्रॅमबलाच्या आसपास असतो.

आरे सोडायचेच असतील तर

फ्रीव्हील, कॅसेट आणि डिस्क आधी काढा. हे विसरलात आणि सगळे आरे सुटले की फ्रीव्हील काढायला पकडायचं काय? फ्रीव्हील काढायला लागणारा जोर देता येतो तो रिम धरून, बांधलेल्या चाकाच्या तरफेवर. सुट्या हबची फ्लँज व्हाइसमध्ये धरून हा प्रयोग करणारे तीही मोडून बसतात.

आऱ्यांचा फोटो काढून ठेवा: व्हॉल्व्हच्या शेजारचे आरे, कोणते फ्लँजच्या आतून आणि कोणते बाहेरून आलेत, फुली कुठे वर-खाली जाते. निपलना तेलाचा थेंब द्या. मग व्हॉल्व्हपासून सुरू करून प्रत्येक निपल अर्धा फेरा सैल करत परत व्हॉल्व्हपर्यंत या, आणि ताण पूर्ण उतरेपर्यंत असेच फेरे घ्या. एका बाजूचे आरे पूर्ण सोडून मग दुसरी बाजू घेतली तर रिम पिळवटते. ताणलेले आरे कापून काढण्याची घाई नकोच. निघालेल्या आऱ्यांच्या चार जुड्या करा: डावे-उजवे आणि आतले-बाहेरचे. आऱ्याचं कोपर जुन्या जागेच्या वळणाला बसलेलं असतं, त्याला तीच जागा मिळाली तर बरं. साखळी मागे पडून ज्यांना चरे गेलेत ते उजवे आरे बाद करा. आधीपासूनच आरे एकामागून एक तुटत असतील तर पूर्ण संच नवा घ्या.

जुने आरे चालतील का, हे नव्या हबच्या मापांवर ठरतं. तोच हब मिळाला तर प्रश्नच नाही. वेगळा असेल तर भोकांच्या वर्तुळाचा व्यास आणि मध्यापासून फ्लँजचं अंतर मोजा. हिशेब असा: रिमच्या परिणामी व्यासाची (समोरासमोरच्या आऱ्यांच्या टोकांमधल्या अंतराची) त्रिज्या, भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या आणि फ्लँजचं अंतर, या तिघांच्या वर्गांची बेरीज करा. तीतून दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार, दुप्पट करून आणि हबच्या मध्यातून बघता आऱ्याच्या दोन टोकांमध्ये जितक्या अंशांचा कोन होतो त्याच्या कोसाइनने गुणून, वजा करा. वर्गमूळ काढा आणि आऱ्याच्या भोकाचा अर्धा व्यास वजा करा. ३२ आरे आणि तीन फुल्यांना हा कोन ६७.५ अंशांचा. रिमचा परिणामी व्यास ६००, वर्तुळाचा व्यास ४५, फ्लँज मध्यापासून ३५ आणि भोक २.६ मिमी असेल तर आरा सुमारे २९३ मिमी येतो. उजवी फ्लँज मध्यापासून १८ वर असेल तर २९१ च्या जरा वर.

गंमत म्हणजे याच चाकात वर्तुळाचा व्यास ४५ वरून ५८ केला तरी लांबी फक्त २ मिमीने घटते, तर फुलीशिवायच्या बांधणीत तोच फरक साडेसहा मिमी पडतो. फ्लँजचं अंतर ५ मिमीने कमी झालं तर फरक जेमतेम अर्धा मिमी. एक मिमीपर्यंतचा फरक निपल सांभाळून घेतं, त्यामुळे तीन फुल्यांच्या चाकात थोड्या वेगळ्या मापाचा हबही पुष्कळदा जुन्या आऱ्यांवर बसतो. पण हिशेब करूनच ठरवा. आरा लांब पडला तर निपलच्या आत आटे संपतात आणि ताण चढायचा थांबतो. आखूड पडला तर निपलचं डोकं उडतं.

निपल नवीनच घ्या. पितळी जुनी चालून जातात, ॲल्युमिनियमची चालत नाहीत. विणून झाल्यावर ताण थोडाथोडा चढवा आणि अधूनमधून समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा, म्हणजे कोपरं फ्लँजवर बसतात. रिम दोन चेकनटांच्या बरोबर मध्ये आणताना मागच्या चाकात डाव्या बाजूचा ताण उजव्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त राहतो. तो सारखा करायच्या नादाला लागू नका, रिम मध्यातून सरकेल. पहिल्या काही फेऱ्यांनंतर चाक परत स्टँडवर घ्या. सगळीकडे सारखाच ताण उतरला असेल तर प्रत्येक निपलला सारखाच पाव फेरा द्या. एखाददुसराच आरा सैल पडला असेल तर त्याच्या फ्लँजकडचं भोक बघा, डोकं नीट बसलं आहे का, आणि मगच पाना लावा.